रस्त्यावरच्या झाडाचे खिळे, तारा आणि काँक्रीट: आधी काय काढायचं, नंतर काय, आणि कशाला हात लावायचा नाही

रविवारी सकाळी आठ-दहा जण जमतात, हातोड्या-पकडी घेऊन एका रस्त्यावरच्या झाडांचे खिळे उपटतात, ओंजळभर गंजक्या खिळ्यांचा फोटो ग्रुपवर टाकतात आणि पोहे खाऊन घरी जातात. महिन्याभरात त्याच झाडांवर नव्या पाट्या लागलेल्या असतात. बुंध्याला आवळलेलं सिमेंट तर तसंच असतं, कारण त्याकडे कोणी पाहिलेलंच नसतं.

खिळे काढू नयेत असं मी म्हणत नाही. पण खिळा हा झाडाच्या दुखण्यांतला सगळ्यात छोटा भाग आहे. खिळा घुसला की झाड त्या जखमेभोवती आतून भिंत घालून घेतं आणि रस बाजूने वाट काढतो. तारेचं तसं नसतं. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. खोड दरवर्षी जाड होतं, तार काही सैल होत नाही, आणि खोडाला पूर्ण वेढा घातलेली तार तो थर चारही बाजूंनी चिरत जाते. वर झाड हिरवं दिसतं, खाली मुळं उपाशी. काँक्रीटचा मार आणखी संथ. पाणी-हवा घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात, आणि नेमकी तीच माती आपण झाकून टाकतो.

म्हणजे महत्त्वाचा क्रम काँक्रीट, तार, खिळे असा. कामाचा क्रम मात्र उलटा, कारण खिळ्यांना परवानगी लवकर मिळते, धोका कमी असतो आणि तेवढ्यात गट तयार होतो. खाली पुण्याचा हिशेब धरून लिहिलं आहे. इतर शहरांत खात्यांची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

टप्पा १ : एकच रस्ता, आणि हातात हातोडा न घेता

पहिल्या फेरीला कुठलंही अवजार नेऊ नका. फक्त वही, फोन आणि मोजपट्टी. अख्खा प्रभाग डोक्यात असला तरी एकच रस्ता निवडा, वीस-पंचवीस झाडांचा. जिथे तुमचं रोजचं येणंजाणं आहे तोच, कारण नंतर पाणी घालायलाही तुम्हालाच यायचं आहे.

प्रत्येक झाडाला क्रमांक द्या आणि जागा अशी लिहा की अनोळखी माणसालाही ते सापडेल. "बेकरीजवळचं झाड" चालत नाही, बेकरी हलते. दिव्याच्या खांबाचा क्रमांक किंवा घर क्रमांक लिहा. झाडावर वृक्षगणनेचा क्रमांक रंगवलेला असेल तर तोही. दोन फोटो हवेत: एक लांबून, आजूबाजूच्या खुणांसकट, दुसरा बुंध्याचा, जवळून.

वहीतली नोंद साधारण अशी हवी:

"७. सोनमोहर. दिव्याचा खांब अमुक, इस्त्रीच्या टपरीसमोर. क्लासची पाटी, ४ खिळे. छातीच्या उंचीवर बाइंडिंग तार, मागच्या बाजूला सालीत गेलेली. पेव्हर खोडाला चिकटून, चारही बाजूंनी. पूर्वेला दोन फुटांवर चेंबरचं झाकण. वरून केबलच्या वायरी."

चेंबर आणि वायरी लिहायला लोक हमखास विसरतात आणि तेच पुढे महागात पडतं. झाडाचं नाव येत नसेल तर अंदाजाने लिहू नका. पान आणि शेंग यांचा फोटो काढून ठेवा, उद्यान विभागाचा माणूस सांगेल.

*सावधान:* बुंध्याशी अळंबीसारखे फलक उगवलेले, ठोकल्यावर पोकळ आवाज, झाड एका बाजूला कललेलं आणि विरुद्ध बाजूची जमीन फाटलेली, यांपैकी काहीही दिसलं तर त्या झाडापुढे मोठ्या अक्षरात "धोकादायक" लिहा. हे झाड तुमच्या कामातून बाद. त्याची वेगळी तक्रार आजच करा. त्याच्याखाली उभं राहून खिळे काढायचे नाहीत.

टप्पा २ : झाडावर जे आहे ते कोणाचं आहे?

हा टप्पा गाळला की मोहीम पहिल्याच दिवशी भांडणात संपते. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी, दुकानं उघडी असताना, दोघांनीच जा. दहा जण गेलात की समोरच्याला मोर्चा वाटतो.

झाडावरच्या गोष्टींचे मालक तीन जातीचे असतात. पहिले बेपत्ता: पॅकर्स-मूव्हर्स, पेस्ट कंट्रोल, "घरबसल्या कमवा". यांना विचारायची गरज नाही, पण पाटीचा फोन नंबरासकट फोटो मात्र घेऊन ठेवा.

दुसरे झाडाखालीच बसलेले: पंक्चरवाला, ज्याची ट्यूब खिळ्याला लटकलेली असते, इस्त्रीवाला, ज्याच्या ताडपत्रीचं एक टोक खोडाला असतं. हे लोक झाडाचे शत्रू नव्हेत, झाड पडलं तर सावली यांचीच जाणार आहे. "दादा, हे काढतोय" असं म्हणून निघू नका, पर्याय घेऊन जा. ताडपत्रीसाठी तारेऐवजी काथ्याचा किंवा सुती दोर, सैल बांधलेला, आणि दर दोन-तीन महिन्यांनी जागा बदललेला. पाटीसाठी जमिनीवर ठेवायचा छोटा स्टँड. शंभर-दोनशे रुपयांचा मामला असतो, गटाने वर्गणीतून केला तरी परवडतो. आणि हाच माणूस पुढे तुमच्या आळ्यात, म्हणजे बुंध्याभोवती मोकळ्या केलेल्या मातीत, कोणाला गाडी लावू देत नाही.

तिसरे अवघड: देवाची तसबीर आणि वाढदिवसाचा फ्लेक्स. तसबिरीला स्वतः हात लावायचा नाही. तिथे रोज उदबत्ती कोण लावतं ते शोधा आणि त्या माणसाच्याच हातून ती चौथऱ्यावर किंवा भिंतीवर हलवून घ्या. झालं तर झालं, नाहीतर ते झाड यादीत ठेवून पुढे जा. वडाला गुंडाळलेल्या सुताची काळजी करू नका, सुती दोरा पावसात कुजून जातो. चकचकीत नायलॉनचा दोरा मात्र कुजत नाही. तो वटपौर्णिमेनंतर चार-आठ दिवसांनी, पूजा करणाऱ्या काकूंना सांगून सोडवावा.

फ्लेक्सचं म्हणाल तर तो काढणं महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाचं काम आहे. फोटो काढा, तक्रार करा आणि वाट बघा. वाढदिवस उलटला की फ्लेक्स जातो, पण ज्या तारेने तो बांधला होता ती कोणी नेत नाही. ती तुमची.

टप्पा ३ : अर्ज, आणि त्यातलं गणित

रस्त्यावरची झाडं महापालिकेच्या ताब्यात आहेत. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये "झाड तोडणे" याच्या व्याख्येत झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणजे खिळा ठोकणारा त्यात बसतो, आणि पहारीने मूळ तोडणारा उत्साही स्वयंसेवकही बसतो. फुटपाथ तर सरळसरळ सार्वजनिक मालमत्ता. म्हणून लेखी संमती घ्यायचीच.

अर्ज दोन ठिकाणी: तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या सहाय्यक आयुक्तांकडे आणि उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्यांकडे. बहुतेकांचे अर्ज पडून राहतात, कारण त्यात "आमच्या भागातील सर्व झाडे मुक्त करण्यास परवानगी मिळावी" असं असतं. यावर सही करायला कोणीच तयार नसतं. जबाबदारी किती, हेच कळत नाही. नेमकं मागा:

"विषय : अमुक रस्त्यावरील २४ झाडांच्या खोडांवरील खिळे व तारा काढणे आणि बुंध्याभोवती आळे करणेबाबत.

महोदय, सोबतच्या तक्त्यातील झाडांची आम्ही पाहणी केली आहे. छायाचित्रे जोडली आहेत. विनंती की,
(१) अ. क्र. १ ते २४ (१८ वगळून) वरील खिळे व बेवारस तारा स्वयंसेवकांनी हाताने काढण्यास लेखी संमती द्यावी.
(२) अ. क्र. ३, ७ व ११ भोवतीचे पेव्हर ब्लॉक काढताना आपला कर्मचारी उपस्थित ठेवावा.
(३) अ. क्र. ९ व १५ भोवतीचे सिमेंट काँक्रीट पथ विभागामार्फत फोडून मिळावे.
(४) अ. क्र. १८ हे झाड धोकादायक वाटते. त्याची तपासणी व्हावी.
(५) राडारोडा उचलण्यासाठी वाहन मिळावे."

तारीख तुम्हीच सुचवा, दोन पर्याय देऊन. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. ऑनलाइन तक्रारही टाका, पण ती अर्जाला जोड म्हणून. ॲपवरची तक्रार "निराकरण झाले" असा शेरा मारून बंद होते आणि झाड होतं तसंच असतं.

अर्जाला आधार हवा असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा एप्रिल २०१३ चा आदेश जोडा. झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा, पाट्या आणि वायरी उतरवा, असं त्यात म्हटलं आहे. आदेश दिल्लीच्या यंत्रणांना होता, तेव्हा तो पुण्याला लागू आहे अशी फुशारकी अर्जात मारू नका. एक मीटर हा आकडा कुठून आला, एवढं सांगायला तो पुरतो.

*तपासा:* पोच मिळाली? तारीख ठरली? येणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव कळलं? तीनही "हो" असल्याशिवाय ग्रुपवर आमंत्रण टाकू नका.

टप्पा ४ : सामान

खिळ्यांसाठी मागे नखं असलेला हातोडा, मजबूत पक्कड, स्क्रूसाठी पेचकस आणि तीन-चार इंच लांबीचे लाकडाचे चपटे तुकडे. तारेसाठी कटर आणि हॅक्सॉ. काँक्रीटसाठी छिन्नी, लहान घण, पहार, फावडं, घमेली, ओली गोणपाटं. सगळ्यांना जाड हातमोजे आणि बूट. चप्पल घातलेल्याला नोंदी लिहायला बसवा. तार कापणाऱ्याला आणि छिन्नी मारणाऱ्याला चष्मा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हे प्रत्येकाने आधी आठवून यावं, गंजक्या खिळ्याने हात फाटल्यावर नव्हे.

आणि एक जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, दोरी बांधून. पडलेले खिळे फुटपाथवर राहिले तर पंक्चरवाल्याखेरीज कोणी तुम्हाला दुवा देणार नाही.

टप्पा ५ : खिळे

पुण्यात "आंघोळीची गोळी" या संस्थेने खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवली, आणि हे काम इतरत्रही होतं. सोपंच आहे, पण घाईत चुका होतात.

पाटी ओढून काढू नका. ओढली की खिळ्याचं डोकं तुटून पाटीबरोबर येतं आणि दांडा आत राहतो. आधी पाटीच्या कडेने खिळ्याचं डोकं थोडं सैल करा. मग लाकडाचा तुकडा सालीवर ठेवा, हातोड्याचा जोर त्यावर येऊ द्या आणि खिळा ज्या रेषेत आत गेला त्याच रेषेत सरळ बाहेर घ्या. लाकूड न ठेवता हातोडा टेकवला तर खिळ्याच्या भोकापेक्षा दहापट मोठी साल चिरडते. गोल फिरवून, हलवून काढायचा नाही.

डोकं सालीत बुडालं असेल तर तो खिळा झाडाने आपलासा केला आहे, राहू द्या. छिन्नीने साल कोरून खिळा शोधणारे मी पाहिले आहेत. पोस्टरच्या पिना पकडीने उपटता येतात. नाही आल्या तर त्याही सोडा.

भोकात काही भरायचं नाही. हळद, शेण, एम-सील, रंग, काही नाही. वड-पिंपळ-उंबरातून चीक येईल, येऊ द्या. उघडी, कोरडी जखम झाड स्वतः बंद करतं. गेरू-चुन्याच्या पट्ट्याने रात्री गाडीवाल्याला झाड दिसतं. जखमेला त्याचा काही उपयोग नाही.

*सावधान:* जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढंच. फांदीवर चढायचं नाही. रोषणाईच्या माळा बंद दिसल्या तरी हात लावायचा नाही, त्यात प्रवाह आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. मधमाश्यांचं पोळं, ढोलीतली घुबडं-पोपट दिसले तर ते झाड दुसऱ्या दिवसासाठी.

निघालेल्या पाट्या फेकू नका, फाडू नका. मोजून, फोटो काढून क्षेत्रीय कार्यालयात जमा करा. एकाच क्लासच्या बारा पाट्या एका रस्त्यावर निघाल्या तर पुढच्या कारवाईसाठी तोच पुरावा. प्रत्येक झाडाचं काम संपवताना चुंबक एकदा सगळीकडे फिरवा.

टप्पा ६ : तारा आणि जाळ्या

तार ताणलेली असते. एका ठिकाणी कापली की टोक चाबकासारखं उडतं. एकाने दोन्ही बाजू पकडीने धरायच्या, दुसऱ्याने मध्ये कापायची. समोरासमोर दोन ठिकाणी कापा, म्हणजे वेढा तुटला. जो भाग मोकळा आहे तो काढा. जो सालीत शिरला आहे तो ओढू नका, ओढला तर साल पट्ट्यासारखी सोलून येईल. वेढा तुटणं महत्त्वाचं, तार पूर्ण निघणं नाही.

केबल टीव्हीची किंवा इंटरनेटची वायर तार समजून कापलीत तर सगळ्या सोसायटीचं इंटरनेट जाईल आणि मोहिमेचीही वाट लागेल. त्या वायरींसाठी त्या-त्या ऑपरेटरला बोलवा. महावितरणच्या वायरीचं तर बोलायलाच नको.

रोपाला लावलेला लोखंडी पिंजरा झाड मोठं झाल्यावर कोणी काढत नाही. मग सळ्या खोडात रुततात. इथे ग्राइंडर वापरायचा मोह होतो. ग्राइंडर घसरला तर थेट खोडात, आणि खाली वाळका पाला असतो. हॅक्सॉने वेळ लागतो, लागू द्या. रुतलेल्या सळीला दोन्ही बाजूंनी कापून मधला तुकडा झाडातच ठेवा. पिंजरा महापालिकेचा किंवा देणगीदाराचा असतो, भंगारात घालण्याआधी कर्मचाऱ्याला विचारा.

टप्पा ७ : बुंध्याभोवतीचं आळं

खरं काम इथे आहे.

दिवाळीनंतर होळीपर्यंतचे महिने यासाठी बरे. पावसाळ्यात जमीन फुसफुशीत असते, वारा असतो, आणि अशा वेळी बुंध्याशी उकरलेलं झाड उभं राहील याची खात्री देता येत नाही. वळवाच्या आधी मुळांना स्थिरावायला दोन-तीन महिने मिळाले पाहिजेत.

आधी ठरवा की समोर आहे ते काय. पेव्हर ब्लॉक असतील तर कर्मचाऱ्याच्या देखत तुम्ही ते काढू शकता. सलग ओतलेलं सिमेंट काँक्रीट असेल तर ते पथ विभागाच्या माणसांनीच फोडायचं. त्याखाली पाण्याची लाइन, वीज, गॅस, फायबर, काय काय असेल सांगता येत नाही. तुमचं काम तिथे उभं राहून ब्रेकर बुंध्याकडे सरकू न देणं.

पेव्हरचं काम असं:

१. बुंध्यापासून सगळीकडे एक मीटर मोजून खडूने चौकोन आखा. फुटपाथ अरुंद असेल तर हट्ट धरू नका. माणूस, काठीवाले आजोबा, व्हीलचेअर जायला वाट ठेवा आणि आळं रस्त्याच्या बाजूने लांबट करा. वाट बंद करून केलेलं आळं लोक आठवड्यात बुजवतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

२. सुरुवात बाहेरच्या ओळीतून. एक ब्लॉक पहारीने उचलला की पुढचे हाताने सुटतात. बुंध्याला लागून असलेले ब्लॉक सगळ्यात शेवटी. खोडाशी सिमेंटचा गिलावा असेल तर छिन्नीचं टोक नेहमी खोडापासून बाहेर. ब्लॉक घासत ओढू नका, उचला.

३. निघालेले ब्लॉक एका बाजूला रचून मोजा आणि कर्मचाऱ्याच्या ताब्यात द्या. रात्रीत गायब झाले तर नाव तुमचं येतं.

४. आता थांबा आणि बघा. ब्लॉकच्या खाली, कचीच्या (दगडाच्या भुकटीच्या) थरात, केसासारखी पांढुरकी-तांबूस मुळं पसरलेली दिसतील. झाकणाखाली जो काही ओलावा जमायचा, त्याच्या आशेने ती वर आलेली असतात. ऊन लागलं तर ती पंधरा मिनिटांत वाळतात. लगेच ओलं गोणपाट टाका आणि चौकोनाचा एकेक कोपराच उघडा ठेवून काम करा.

५. कच आणि खडी हाताने, खुरप्याने काढा. फावडं फक्त बाहेरच्या कडेला. अंगठ्याएवढं किंवा त्याहून जाड मूळ तोडायचं नाही, आडवं आलं तरी नाही. ते झाडाला धरून आहे. मुळामुळे फुटपाथ उचलला गेला असेल तर फुटपाथची उंची बदलायला सांगा.

६. खोड जिथे जमिनीशी रुंद होत जातं तो भाग मोकळा दिसला पाहिजे. बऱ्याच झाडांचा तो एक-दोन थर सिमेंटखाली गाडलेला असतो. तो सापडेपर्यंत हळूच खाली जा, त्याच्या खाली नको.

७. मोकळ्या जागेत माती आणि चांगलं कुजलेलं खत भरा. सोसायटीचं कंपोस्ट असेल तर त्याला वास येत नाही ना बघा, अर्धकच्चं खत घालू नका. मातीची पातळी फुटपाथपेक्षा साधारण दोन इंच खाली राहू द्या, म्हणजे पाणी आत येईल. खोडाला मातीचा ढीग लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. साल सतत ओली राहते आणि कुजते.

८. वर वाळक्या पाल्याचा दोन-तीन इंचाचा थर. खोडापासून चार बोटं जागा सोडून.

९. कडेला विटा नुसत्या ठेवा, सिमेंटने जोडू नका. टाइल लावलेलं सुंदर कठडं म्हणजे नवं काँक्रीट. आळ्यात तुळस, जास्वंद, शोभेची झाडं कोंबायची हौसही आवरा. त्यांना खणताना पुन्हा मुळं तुटतात.

*तपासा:* आळ्यात एक बादली पाणी ओता. दहा-पंधरा मिनिटांत मुरलं तर छान. तासाभराने तळं तसंच असेल तर खालची जमीन रोलरने दाबलेली आहे. आळ्याच्या बाहेरच्या कडेला, मुळं चुकवून, पहारीने फूटभर खोल भोकं पाडा आणि त्यात खत-पाला भरा. एका दिवसात फरक पडणार नाही, एका पावसाळ्यात पडेल.

*सावधान:* खणताना रंगीत प्लास्टिकची पट्टी, विटांची ओळ किंवा वाळूचा वेगळाच थर लागला तर हात थांबवा. खाली केबल किंवा पाइप आहे. झाकून टाका आणि कर्मचाऱ्याला दाखवा.

एका सकाळी दोन, फार तर तीन आळी होतात. पहिल्याच दिवशी चोवीसचा आकडा गाठायला गेलात तर मुळं तुटतील.

टप्पा ८ : पहिला उन्हाळा

ज्यांनी आळी केली त्यांच्यापैकी निम्मे लोक मार्चनंतर दिसत नाहीत. म्हणून खणण्याच्या दिवशीच नावं लावून टाका: कुठलं झाड, कोणाकडे, कुठला वार. मोठ्या झाडाला पाऊस सुरू होईपर्यंत आठवड्यातून एकदा तीन-चार बादल्या पुरतात, पण हळूहळू, आळ्याच्या बाहेरच्या कडेला, खोडावर नव्हे. पिण्याचं पाणी वापरू नका. भाज्या-तांदूळ धुतलेलं, आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी चालतं, ते खूपच खारट नसेल तर. साबणाचं नको.

आळ्यात दुचाकी लागेल, कोणी झाडलोटीचा कचरा लोटेल, पानाच्या पिचकाऱ्या येतील. झाडलोट करणाऱ्या मावशींशी पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. पाला आळ्यातच टाकायचा, तो जाळायचा नाही, पण प्लास्टिक त्यात नको. त्यांचं घमेल्याचं ओझं कमी होतं, त्यामुळे बहुतेक वेळा त्या आनंदाने ऐकतात. दुचाकीसाठी पाटी लावू नका, पाटीसाठी पुन्हा खिळा लागतो. कडेच्या विटा उभ्या करा, स्टँड बसत नाही.

महिन्यातून एकदा वही घेऊन तीच फेरी. नवी पाटी दिसली की त्याच दिवशी काढा. पाटी लावणाऱ्याला रस्ता राखलेला आहे हे कळलं की तो पुढच्या गल्लीत जातो. तिथे कोणीतरी दुसरा गट उभा राहायला हवा, हा वेगळा विषय.

टप्पा ९ : रस्त्याचं काम निघेल तेव्हा

तुमची सगळी आळी एका रात्रीत भरून टाकण्याची ताकद फक्त एकाच गोष्टीत आहे: फुटपाथचं नवं काम. म्हणून कामाची चाहूल लागली, खडीचे ढीग पडले, पेव्हरचे पॅलेट उतरले की लगेच कामाच्या फलकावरून ठेकेदार आणि खातं बघा आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्यांना गाठा. काँक्रीट ओतण्याआधी पाच मिनिटांचं बोलणं जे करतं ते ओतल्यानंतर पाच अर्ज करत नाहीत.

मागायचं एवढंच: प्रत्येक बुंध्याभोवती एक मीटर जागा कोरी सोडा. जुन्या अर्जाची पोच आणि आळ्यांचे फोटो सोबत न्या. तोंडी "हो" मिळालं तरी त्याच दिवशी एका ओळीचं पत्र देऊन शिक्का घ्या. साइटवरच्या मुकादमालाही भेटा, कारण निर्णय कार्यालयात होतो पण फावडं त्याच्या हातात असतं. त्याला चौकोन आखून द्या, विटांची कडा लावून द्या, आणि ओतकाम असेल त्या दिवशी गटातल्या दोघांनी तिथे राहा.

काम आधीच उरकलं असेल तर कामाच्या अंदाजपत्रकात झाडांभोवती जागा सोडण्याची अट होती का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस. अट असून पाळली नसेल तर ठेकेदाराचं अंतिम बिल निघण्याआधी तक्रार पोचली पाहिजे. त्यानंतर त्याच फुटपाथला पुन्हा हात लावायला कोणी राजी होत नाही.